मगदूम सरांची दहा बोटं आणि पिशवीतला संगणक: पुणे, सातारा, विटा, सांगली

लॅपटॉप घरी ठेवून जायचं, असं मी जाहीर केलं तेव्हा आमच्याकडे सगळ्यात आधी नवरा हसला. "तू? तू भाजीला जातानासुद्धा चार्जर नेतेस," म्हणाला. पण या वेळी मी हट्टालाच पेटले होते. दोन वर्षं पैसे बाजूला टाकून घेतलेल्या माझ्या फोनला एक सोय आहे आणि तिचं कौतुक मी भेटेल त्याला ऐकवत असते. केबलनं फोन टीव्हीला जोडला की टीव्हीवर चक्क संगणकाचा पडदा उघडतो. खिडक्या, फाइली, माउसचा बाण, सगळं. त्याला कीबोर्ड जोडला की झाला टेबलावरचा संगणक. अख्खा प्रवास आणि त्याचं हे वर्णन, दोन्ही एकट्या फोनवर उरकायचं अशी माझी प्रतिज्ञा होती.

पिशवीतलं सामान असं: फोन, घडीचा कीबोर्ड, छोटा माउस, सगळ्या वायरी एकत्र आणणारी काड्यापेटीएवढी डबी आणि टीव्हीची केबल. जेवणाच्या डब्याहून हलकं. कुणाला हे करून बघायचं असेल तर एक सांगते, ही सोय सगळ्या फोनांना नसते. दुकानदार "होतंय की" म्हणाला तरी दुकानातच जोडून दाखवायला सांगा. हा सल्ला मी इतरांना फुकट वाटत आले होते, सांगलीत तो माझ्यावरच उलटला.

आता सांगलीच का, ते सांगते. नवरात्र बसलं त्या दिवशी सुशीलाकाकूंचा व्हॉट्सअॅपवर आवाज आला. "वंदे, सर आता काय बी लिहीत न्हाईत बघ. दिवसभर खुर्चीत बसून असत्यात. पोरानं फोन घेऊन दिलाय, त्याला हात लावत न्हाईत. म्हणत्यात, एका बोटानं टोचायला मी काय चिमणी हाय का? तू येऊन जा की एकदा."

मगदूम सर म्हणजे माझे मराठी टायपिंगचे सर, आणि सुशीलाकाकू त्यांच्या पत्नी. सांगलीच्या गावभागात तळमजल्यावर त्यांचा क्लास होता. बारा मशीनं, चौदा स्टुलं, आणि सकाळी सहापासून असा खडखडाट की शेजारच्या पिठाच्या गिरणीवाल्यानं तक्रार केली होती. तिथे मी आधी मिनिटाला तीस शब्दांची आणि मग चाळीसची परीक्षा दिली, त्या सर्टिफिकेटावर पुण्यात नोकरी लागली, आणि पुढचं सगळं आयुष्य त्या नोकरीच्या मागून आलं. सर पुढेही विद्यार्थ्यांना टाइप केलेली पत्रं पाठवायचे. मलाही यायची. मग महापुराच्या वर्षी कृष्णेचं पाणी क्लासात शिरलं आणि मशीनं गाळात गेली. पत्रं थांबली. मी फोनवर हळहळले आणि कामाला लागले.

क्लासात खंडेनवमीचा एक रिवाज होता. त्या दिवशी सगळी मशीनं पुसून, हळदकुंकू लावून, रोलरवर झेंडूचं फूल ठेवायचं. दिवसभर कुणी बटणाला हात लावायचा नाही. दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, प्रत्येकानं मनातली एकच ओळ टाइप करायची, आणि सगळ्यांची झाली की शेवटची सरांनी. तो कागद फाइलला जायचा. माझ्या शेवटच्या दसऱ्याला मी एक ओळ टाइप केली होती आणि ती पाळली नव्हती. त्याला बावीस वर्षं झाली.

तेव्हा बेत असा होता: सरांच्या टीव्हीला माझा फोन जोडायचा, म्हणजे अक्षरं वीतभर दिसतील, आणि समोर पुरा कीबोर्ड ठेवायचा. दहा बोटांनी लिहिणाऱ्या माणसाला दहा बोटांचं काम द्यायचं. दसऱ्याला सरांची ओळ पडली पाहिजे, एवढ्यासाठी मी निघाले.

स्वारगेटहून सकाळची एसटी पकडली. बायकांना अर्धं तिकीट असल्यानं खिडकी आणि खिसा दोन्ही खूश. खंबाटकीचा घाट ओलांडला की मला अजून आपल्या मुलखात आल्यासारखं वाटतं. साताऱ्यात उतरल्या उतरल्या कंदी पेढे घेतले, एक किलो. आमच्या घरात पेढे कुणी खात नाही, पण हे पेढे कशासाठी ते पुढे कळेल.

मुक्काम गोडोलीला मामांकडे. मामा सैन्यात सिग्नलला, म्हणजे बिनतारी संदेशांवर, हवालदार होते. निवृत्तीला वीस वर्षं झाली तरी सकाळी दाढी केल्याशिवाय चहा घेत नाहीत. त्यांच्या टीव्हीवर रंगीत तालीम करायची होती. टीव्ही भिंतीला चिकटवलेला, केबलचं भोक मागे. मामा, मी आणि मामी अशा तिघांनी मिळून तो वाकडा केला, त्यात मामींचा हरवलेला चष्मा सापडला आणि माझी यात्रा निम्मी तिथेच सफळ झाली.

पडदा उघडला. मामांनी कीबोर्ड पुढे ओढून एका बोटानं इंग्रजीत GOOD MORNING लिहिलं आणि मागे सरकून बघितलं.

"ऑल ओके हाय," ते म्हणाले. "पर कुणासाठी चाललंय ह्ये?"

मी सांगितलं.

"मग यंत्राचं सोड, त्या मास्तरच्या हाताचं बघ. आमी सेटवर बसलो की पलीकडं कोण बसलाय, त्ये नाव सांगायच्या आदी कळायचं. टिकटिक ऐकली की वळखायचो, ह्यो अमका, ह्यो तमका. परत्येकाचा हात येगळा. सेट बदलला तरी हात बदलत न्हाई, पोरी."

"हो मामा," मी म्हटलं. माझं लक्ष नव्हतं. मी दोन खिडक्या शेजारीशेजारी लावण्यात गुंगले होते.

दुसऱ्या दिवशी अष्टमी. सकाळी साताऱ्याहून विट्याची गाडी धरली. रहिमतपूरवरून जाणारी, दर फाट्याला थांबणारी. वेळ लागतो, पण घाई नसेल तर याच रस्त्यानं जा. दोन्ही बाजूंना आल्याची शेतं, मध्येच एखादं बोडकं टेकाड, आणि प्रत्येक थांब्यावर चढणाऱ्या बाईच्या टोपलीत झेंडू. पुसेसावळीला पिशवीत हात घातला तेव्हा कळलं की केबल मामांच्या टीव्हीच्या मागे लोंबकळत राहिली. मामींचा चष्मा सापडला आणि माझी केबल गेली, देवाचा हिशेब चोख असतो.

विट्याला स्टँडजवळच्या मोबाइलच्या दुकानात गेले. तालुक्याच्या गावात सणाच्या तोंडावर ही केबल मिळेल असं वाटत नव्हतं. गल्ल्यावरच्या बाईंनी वर न बघता विचारलं, "किती मीटरची?"

"असते तुमच्याकडे?"

"हितं घरटी लागती. गावातले निम्मे बापय गलाईला. कोण कोचीला, कोण आग्र्याला. सणाला समद्यांना येता येत न्हाई, मग फोन टीव्हीला जोडून घरची पूजा बघत्यात."

गलाई म्हणजे सोनंचांदी गाळून शुद्ध करायचा धंदा. विट्याकडच्या माणसांनी तो सगळ्या देशात नेलाय.

"तुमच्याकडचे?" मी विचारलं.

"आमचं बी तिकडंच. रोज आरतीला टीव्हीवर असत्यात," बाई हसल्या. "परसाद तेवढा मिळत न्हाई त्यास्नी."

केबल साडेतीनशेला पडली. पुण्यात शंभर कमी पडले असते, पण हे वाक्य मिळालं नसतं. बाहेर मिसळ खाल्ली आणि तासगावमार्गे सांगलीची गाडी धरली. द्राक्षबागांची छाटणी झालेली होती, सगळे वेल उघडेबोडके. शाळेत असताना याच दिवसांत छाटलेल्या काड्यांना औषध लावायच्या मजुरीला गेलेल्या मैत्रिणी वर्गात हिरव्या हातांनी यायच्या, ते आठवलं. आईवडील भावाकडे पुण्याला आले आणि या रस्त्यावर यायचं मला कारणच उरलं नाही. कारण नव्हतं, असं इतकी वर्षं मी सगळ्यांना सांगत आले.

पुरानंतर सरांनी गावभाग सोडला. आता विश्रामबागेच्या पुढे पहिल्या मजल्यावर फ्लॅट आहे. दार काकूंनी उघडलं आणि माझ्या हातातला खोका बघून त्या आत ओरडल्या, "आवं, वंदी आली. पेढे घिऊन आली."

सर खुर्चीत होते. वाळले होते. अठ्ठ्याहत्तर वर्षांचं वय, पण भांग तसाच, पट्टीनं पाडल्यासारखा.

"आलीस व्हय?" ते म्हणाले. "बस. पाणी पी आधी."

बावीस वर्षांबद्दल एक शब्द नाही. मीच रडायला लागले तर काकूंनी पाण्याचा तांब्या पुढे केला.

इथे एक टीप. सरांचं घर जैन, म्हणजे जेवण दिवस मावळायच्या आत आणि स्वयंपाकात कांदालसूण नाही. कांद्याशिवायची वांग्याची भाजी इतकी चांगली होते हे मी विसरले होते. पाच वाजता जेवलो आणि मग मी माझा बाजार मांडला. टीव्हीवर संगणकाचा पडदा आला तशा काकू म्हणाल्या, "माझी मालिका सातला असती. सातच्या आत आटपायचं." सरांनी मात्र जाऊन हात धुतले, पंचाला पुसले आणि टेबलाशी बसले. पाठ सरळ, कोपरं अंगालगत. कीबोर्डकडे बघायचं नाही, हा त्यांचाच नियम. बोटं मधल्या ओळीवर ठेवली आणि डोळे टीव्हीवर.

क्लासातला पहिला धडा मला तोंडपाठ आहे. बोटं मधल्या ओळीवरून न हलवता 'सरकार' टाइप होतं आणि 'सहकार'ही होतं. सर नव्या मुलांना सांगायचे, "सरकार आणि सहकार दोन्ही एका ओळीत बसतात, म्हणून तर आपला जिल्हा चाललाय." सरांनी पाच बटणं दाबली. आवाज कानाला इतका ओळखीचा होता की मी हसत टीव्हीकडे बघितलं.

टीव्हीवर वीतभर अक्षरांत आलं होतं: तर्कर.

सरांनी पुन्हा टाइप केलं. तर्कर. तिसऱ्यांदा सावकाश, एकेक बोट जपून. तर्कर. मग त्यांनी हात उचलून मांडीवर ठेवले आणि हातांकडेच बघत बसले.

"गेली," ते म्हणाले. "बोटं गेली माझी."

"आवं, काय झालंय बोटास्नी? सकाळी शेंगा सोलल्यात की तुमी," काकू म्हणाल्या.

"शेंगा सोलायला अक्कल लागत न्हाई," सर म्हणाले आणि उठून आतल्या खोलीत गेले.

मी काहीतरी पुटपुटले. घडीचा कीबोर्ड आहे, बटणं जवळजवळ असतात, वगैरे. पण खरं सांगू? मनात मी म्हटलं, वय झालं. सरांच्या बोटांवर शंका घेतली मी, ज्यांनी मला बोटं कुठे ठेवायची ते शिकवलं. त्याची लाज अजून जात नाही. काकू स्वयंपाकघरात मला हळूच म्हणाल्या, "चांगलं कराय गेलीस, पर आता त्यास्नी पक्कं वाटंल की आपल्याच्यानं होत न्हाई. आणि एकदा वाटलं की ते दुसऱ्यांदा हात लावायचे न्हाईत."

खंडेनवमीची सकाळ. उठले तर सर खुर्चीत, डोळे मिटलेले, टीव्हीवर बातम्या. चहाचा कप घेऊन समोर बसले आणि त्यांच्या हातांकडे लक्ष गेलं. दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यांवर होते आणि बोटं हलत होती. वाटलं, थरथर असेल. पण थरथर अशी नेमकी नसते. निवेदिका बोलत होती आणि बोटं तिच्या मागोमाग जात होती. ती 'सरकार' म्हणाली. उजवी अनामिका, उजवी तर्जनी, डावं मधलं, उजवं मधलं, पुन्हा उजवी तर्जनी. माझी बोटं कपावर आपोआप तशीच हलली.

मामांचं बोलणं तेव्हा आठवलं. सेट बदलला तरी हात बदलत नाही. सरांची बोटं एक घरही चुकली नव्हती. चूक माझी होती. जुन्या टायपिंग मशीनवर अक्षरांच्या जागा एका पद्धतीनं होत्या आणि आताच्या संगणकावर, फोनवर त्या वेगळ्याच आहेत. मी स्वतः पंधरा वर्षं इंग्रजी अक्षरांतून मराठी लिहिते, त्यामुळे हे माझ्या डोक्यातूनच गेलं होतं. फोनमध्ये 'मराठी' एवढंच लिहिलेलं दिसलं, मी ते निवडलं, आणि साताऱ्यात तालीम केली ती GOOD MORNING ची. सरांकडे चाळीसची परीक्षा पास झालेल्या बाईनं हे करावं!

"सर!" मी जवळजवळ ओरडलेच. "तुमची बोटं बरोबर आहेत. कीबोर्ड चुकलाय."

त्यांनी डोळे उघडले. मी सगळं सांगितलं. ते ऐकत राहिले. एवढंच म्हणाले, "आज नवमी हाय. आज बटणाला हात लावायचा न्हाई."

मी शोधायला बसले. जुन्या मशीनच्या जागांप्रमाणे मराठी उमटवणारं इंटरनेटवरचं एक पान सापडलं. फोन टीव्हीला जोडलेला असला की ते संगणकावरच्यासारखं उघडतं आणि समोरचा कीबोर्ड त्यात चालतो, असं लिहिलं होतं. चालतो की नाही हे बघायला बटणं दाबायला हवीत, आणि कीबोर्ड तर सरांनी नेऊन पूजेत ठेवला होता. पाटावर दोन वस्तू शेजारीशेजारी. पुरातून वाचवून आणलेलं बारा नंबरचं मशीन, ज्याचा रोलर आता फिरत नाही, आणि माझा घडीचा कीबोर्ड. दोघांनाही हळदकुंकू, दोघांवर झेंडू. काकूंनी पुढे पेढे ठेवले. वेगळी वेळ असती तर मी स्पेसबारमध्ये गेलेल्या कुंकवासाठी जीव टाकला असता.

रिकामा वेळ होता म्हणून सरांचा स्वतःचा फोन माझ्या केबलला लावून बघितला. मी परत गेल्यावर तोच तर वापरायचा होता. टीव्ही काळा. सिग्नल नाही. मुलानं प्रेमानं दिलेल्या त्या फोनला ही सोयच नव्हती, आणि निघायच्या आधी ते विचारायचं मला सुचलं नव्हतं.

पूजा झाल्यावर सरांनी माळ्यावरून फाइल काढायला लावली. पुरात क्लास बुडाला तरी फाइल घरी होती म्हणून वाचली. माझा कागद सापडला. पातळ पिवळा कागद, त्यावर माझी ओळ: पुढच्या दसऱ्याला येईन, साताऱ्याचे पेढे घेऊन. खाली लाल शाईत सरांचा शेरा: चुका शून्य.

"सर, एक होती," मी म्हटलं.

"मी टायपिंगच्या चुका मोजतो," सर म्हणाले. "बाकीच्या ज्याच्या त्यानं मोजायच्या."

संध्याकाळी आयर्विन पुलावर जाऊन उभी राहिले. वाटेत भडंग घेतलं. खाली कृष्णा शांत होती, एवढं सगळं करून सवरून साळसूद. उद्या ते पान चाललं नाही तर मी सरांकडून एक गोष्ट कायमची काढून घेतली असं होणार होतं, आणि तेही मदत म्हणून. इतकी वर्षं न येण्यापेक्षा हे वाईट होतं.

दसरा. पुरणपोळी, कटाची आमटी, दारात तोरण. येणाऱ्याजाणाऱ्यांना सोनं देऊन झालं. तीनच्या सुमाराला सर आपणहून म्हणाले, "लाव तुझं ते."

मी केबल जोडली. पान उघडलं. फूल बाजूला काढून कीबोर्ड ठेवला, आणि खुर्चीच्या मागे जाऊन उभी राहिले, कारण माझा चेहरा त्यांना दिसायला नको होता. सरांनी हात धुतले, पुसले, बसले. आपट्याचं एक पान कीबोर्डच्या कडेला ठेवलं. पाच बटणं.

सरकार.

सरांनी पुन्हा टाइप केलं. सहकार. मग जरा थांबून कास. मग एकदम धबधबा सुरू झाला. साऱ्या ओळी, वरची, खालची, आकडे. एक-दोन जोडाक्षरं वेगळ्या जागी निघाली, ती त्यांनी दोनदा चाचपून पाठ केली. बटणं मऊ, आवाज बेताचा, तरी मला मधूनमधून ओळ संपल्याची घंटी ऐकू आल्यासारखी वाटत होती. काकू दाराला टेकून उभ्या होत्या, त्यांनी पदर तोंडाला लावला होता.

"आता ओळ घालतो," सर म्हणाले. रिवाजाप्रमाणे त्यांची शेवटची असायला हवी होती. "तू थांब. आज मी आधी."

एक ओळ म्हणाले आणि थांबेचनात. टीव्हीवर येत गेलं ते असं.

मशीन १. आवाज मोठा, काम चोख.
मशीन ४. कॅरेज डावीकडे ओढते. हलक्या हाताच्या मुलींना द्यावे.
मशीन ७. र चिकटतो. वंदना.
मशीन ९. एसटीच्या कंडक्टरने ड्युटी संपवून रोज यावर सराव केला. चाळीस पास.

मधलीही सगळी होती, मी चारच दिली. पाण्यात गेलेली मशीनं ते एकेक करून हाक मारून बोलावत होते. माझ्या सातच्या 'र'ला खालून टिचकी मारावी लागायची, ते मी नवऱ्यालाही कधी सांगितलं नव्हतं. सरांना पाठ होतं.

"एवढं ध्यानात हाय," काकू डोळे पुसत म्हणाल्या, "आणि काल दळण आणायचं इसरलात."

शेवटी: मशीन १२. घरी आहे. सरांनी हात उचलले, बोटांकडे बघितलं आणि ती दोनदा उघडमीट केली.

"आता तुझी ओळ," ते मला म्हणाले.

"दिवस बुडाय लागलाय," काकू म्हणाल्या. "मग तुमी जेवत न्हाई. उठा आदी. पोरीची वळ सकाळी घाला."

सकाळी माझी पुण्याची गाडी नऊची. आवराआवर, शिदोरी, रिक्षा सांगणं. कीबोर्ड, माउस, डबी आणि विट्याची केबल सरांकडे ठेवायची हे ठरलेलंच होतं. फोन तेवढा सोडवून घेतला. टीव्ही काळा झाला.

"व्हय, घेऊन जा, तुझं काम असेल त्यात," सर म्हणाले. मग त्यांनी कपाटातून जुन्या मशीनचं निळं रेक्झिनचं कव्हर आणलं आणि कीबोर्डवर घातलं. पसरट कीबोर्डवर ते कव्हर मोठं होऊन दुमडत होतं, ते त्यांनी नीट खोचून बसवलं. जाऊन खुर्चीत बसले. मी चपला घालत होते. बातम्या लागल्या होत्या आणि दांड्यांवर बोटं चालू झाली होती.

मी चपला काढल्या. काकूंकडून सेफ्टी पिन मागून घेतली.

"कुठं फाटलं?" त्यांनी विचारलं.

"कुठं नाही," म्हटलं आणि फोनचं सिमकार्ड पिनेनं बाहेर काढलं. सरांच्या फोनातलंही काढलं. अदलाबदल केली. बँकेचं, माझ्या खात्यांचं होतं नव्हतं ते सगळं पुसून टाकलं, ते टायपिंगचं पान समोरच ठेवलं, काकूंना केबल तीनदा लावायला-काढायला लावली. त्यांना पहिल्याच वेळी जमलं. सर नको नको म्हणत होते, पण हात टेबलाकडे गेलेले होते. त्यांच्या मुलालाही फोन करून सांगितलं. या सगळ्यात नऊची गाडी गेली, अकराची मिळाली, आणि माझी ओळ घालायची पुन्हा राहूनच गेली.

घरी आल्यावर नवऱ्यानं आधी फोन बघितला, मग मला. "दोन वर्षं साठवत होतीस," एवढंच म्हणाला आणि जुना लॅपटॉप पुसून माझ्यापुढे ठेवला. तेव्हा प्रतिज्ञा मोडली आहे. फोन हाच संगणक असं मिरवत निघालेली मी हे सगळं त्याच लॅपटॉपवर लिहिते आहे, ज्याचं एक बटण निघालेलं आहे. सरांच्या फोनवर कॉल छान लागतात. फोटो काळपट येतात. चुकूनही पस्तावले नाही असं म्हणणार नाही, कासची फुलं बघायला मैत्रिणी गेल्या तेव्हा थोडी पस्तावले.

पण रोज सव्वासातच्या सुमाराला सांगलीहून एक पान येतं. कधी हळदीच्या बाजाराचं, कधी शेजारच्या भांडणाचं, कधी सबंध पान नुसता सराव. जुन्या विद्यार्थ्यांनाही जातं असं ऐकते. काकूंची तक्रार आहे की मालिका रोज पंधरा मिनिटं उशिरा सुरू होते.

हा लेख इथे टाकायच्या आधी मी सरांना पाठवला. दुसऱ्या दिवशी परत आला, चुका नंबर घालून.

"वेग बेताचा. चुका नऊ, खाली दिल्या आहेत. मशीन ७ चा र डावीकडून टिचकी मारल्यावर सुटायचा, खालून नव्हे. तुझी ओळ राहिली आहे. फाइलमध्ये जागा सोडली आहे."

नऊ दुरुस्त केल्या. दहावी तशीच ठेवली, खालूनच सुटायचा तो, मला माहीत आहे. उत्तरात 'पुढच्या दसऱ्याला येईन' असं लिहायला गेले आणि पुसलं. त्याऐवजी येत्या शनिवारचं सांगलीचं तिकीट काढलं आणि त्याचा फोटो सरांना पाठवला.